नानांनी न छापलेला फोटो

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या बसस्थानकावर होतो. त्यांचं वय झालं होतं, हृदय थकलं होतं. आता दीड महिना होईल... पण त्यांच्यावर लिहायला बसलो की रडू येण्याऐवजी मला उत्साहच चढतो. त्याला मी काय करू!

जळगावच्या आमच्या छोट्या दैनिकात ते जिल्हा पान बघायचे, मी नवा बातमीदार. दहावीच्या निकालानंतर चाळीसगावकडच्या एका मुलीनं आत्महत्या केली. मी घरी जाऊन तिचा शाळेतला फोटो मिळवला, कसं घडलं ते बारीकसारीक लिहिलं आणि पहिल्या पानाची स्वप्नं बघू लागलो. नानांनी फोटो बाजूला ठेवला, तपशील खोडले, आतल्या पानावर चार ओळी घेतल्या आणि खाली समुपदेशनाचा नंबर टाकला. दुसऱ्या पेपरनं मात्र फोटोसकट अर्धं पान भरलं.

"नाना, हातची बातमी घालवली तुम्ही!"

"पेपर पोरंही वाचतात रे," एवढंच म्हणाले. त्यांना भित्रा ठरवून मी मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी, आमच्या चार ओळींखालचा नंबर पाहून, अमळनेरकडची एक बाई कचेरीत आली. हातात त्या दुसऱ्या पेपरचं कात्रण.

"भाऊ, मनी पोर हाई उशीखाले ठेवस. नापास व्हयनी ती. म्हनस, मना बी असाच फोटू येई, मंग बठ्ठा रडतीन..."

नापास झालेली तिची पोर ते कात्रण उशीखाली ठेवून म्हणत होती, माझाही असाच फोटो येईल, मग सगळे रडतील. तसलाच फोटो छापायला मी भांडलो होतो.

"पोर कुठे आहे?" नानांनी विचारलं.

"खाले, रिक्षामा."

नाना अर्धं पान टाकून धावले. रिक्षात तिच्याशेजारी बसून तिचं ऐकत ऐकत तिला थेट मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पुढे वर्षभरानं, सावरल्यावर, तिनं आपली हकिगत लिहिली. आम्ही ती नाव न देता छापली, आणि काय सांगू, सकाळपासून फोन थांबेना! "त्या डॉक्टरांचा पत्ता द्या," आईबाप विचारत होते, पोरंही विचारत होती. एक बातमी माणसाला जगायलाही लावते, हे मी त्या दिवशी पाहिलं. आनंदानं नाचायचा बाकी होतो.

परवा ती आली. आता नर्स आहे. नानांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून तिनं इथपर्यंतचा हा लेख वाचला, त्यांच्या टेबलावरचं लाल पेन उचललं आणि शेवटी स्वतःच लिहिलं...

ती मुलगी मी. वैशाली.