ड्रोनच्या डोळ्यावरचं कुंकू

अशी नीट बसून वाच बघू, आणि आधी ते हसणं थांबव. आजी ड्रोनला ओवाळते तो व्हिडिओ तू डोंबिवलीतल्या सगळ्या मैत्रिणींना दाखवलास म्हणे. दाखव हो, माझी कुठे ना आहे! पण वर्ष होऊन गेलं, पुढे काय झालं ते विचारायला एक फोन नाही करवला तुला. म्हणून मीच लिहून काढतेय. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तर गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. लालबागमधल्या आमच्या गणपती मंडळाचं मदत पथक तुला माहीत आहे. कुठे आग लागली, भिंत पडली, की बंब यायच्या आत ही माणसं दोर, शिडी घेऊन पोचतात. त्यांना बाजारातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याने ड्रोन दिलं. आग वरून बघता येईल, गर्दीत कोणी चेंगरत असलं तर कळेल, म्हणून. आता दसऱ्याला आपण काय पुजत नाही? तुझे आजोबा गिरणीत होते तेव्हा मागाला हार घालून यायचे. मी अजून शिवणाच्या मशीनला घालते. मग ड्रोनने काय घोडं मारलंय? चाळीत सगळ्यात म्हातारी मी, म्हणून ताट माझ्या हातात. चारी पंखांना हळदकुंकू लावलं. पुढे एक काळाभोर गोल दिसला, अगदी कपाळासारखा. म्हटलं, मुख्य टिळा इथेच. तेलाचं बोट कुंकवात बुडवलं आणि ठसठशीत लावला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, आणि ड्रोन मंडळाच्या खोलीत ढोलाशेजारी जाऊन बसलं.

उडवणार कोण? तुझी मामी फायर ब्रिगेडमध्ये, ती तेव्हाच म्हणाली, "आई, हे पतंग उडवण्यासारखं नाही. रीतसर शिकावं लागतं, परवाना लागतो. आमच्याकडचे दोघं आणि पथकातले दोघं एकत्र शिकले तर उपयोग. खर्च कोणी उचलतंय का बघा."

अध्यक्षांनी व्यापाऱ्याला विचारलं. तो हसला. "वस्तू दिली की तिच्यावर नाव घालता येतं हो. शिकवणीवर कुठे घालू?"

थंडीत मागच्या गल्लीतल्या इमारतीला आग लागली, भर दुपारी. बंबावर नेमकी मामी. पथकातल्या एकाला सुरसुरी आली, त्याने ड्रोन काढलं आणि तसंच वर सोडलं. चार डोकी पडद्यावर वाकली. पडदा लाल! "पुढच्या अंगाला जाळ आहे, पुढे, पुढे!" एकच ओरडा झाला. मामी आणि तिच्याबरोबरचे पुढच्या जिन्याने आत शिरले. तिथे काही नव्हतं. जाळ मागे होता, आणि मागच्या खिडकीत एक बाई धुरात ओढणी हलवत उभी होती. मामी पोचली तेव्हा बाई खाली पडलेली. वाचली. पण उशीर व्हायचा तो झालाच.

ड्युटी संपवून मामी ड्रोन घेऊन घरी आली. तोंड न धुताच जमिनीवर बसली, आणि जुन्या फडक्याने तो काळा गोल पुसला. फडकं लाल झालं. तिने फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, चहा टाकता?" एवढंच म्हणाली. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं गो.

पुढच्या महिन्यात मंडळाची सभा होती. आम्ही बायका दाराशी बसणाऱ्या, बोलणाऱ्या नव्हे. अध्यक्ष म्हणाले, यंदा रोषणाईची कमान मोठी करायची, लांबून लोक बघायला येतात, शिकवणीचं पुढच्या वर्षी बघू. मी उठले.

"मग त्या खिडकीतल्या बाईलाही सांगा, पुढच्या वर्षी ये."

मीच पुढे म्हटलं, "आणि पडद्यावर लाल दिसलं तो जाळ नव्हता. माझं कुंकू होतं."

मागून एक काका बोललेच, "मग काकी, पुढच्या वेळी नुसतं फूल वाहा, झालं काम!" सगळे फिदीफिदी हसले.

"मेल्या, आज कुंकू होतं, उद्या काजळी असेल, परवा पाणी. वर सोडायच्या आधी डोळा पुसायचा, हेच ज्याला ठाऊक नाही त्याच्यापुढे फूल काय नि कुंकू काय!"

कमान लहान झाली. गणपतीत लोक म्हणालेही, मंडळ उतरलं आता. मला लागलं ते. पण त्याआधी उन्हाळ्यात चौघं मुंबईबाहेर जाऊन शिकून आले होते, मामी त्यातली एक. या दसऱ्याला तिने माझं बोट धरून ड्रोनच्या पेटीवर टिळा लावून घेतला. "इथे कितीही लावा, आई."

आता पोलिसांची परवानगी काढून कधी कधी रविवारी सकाळी सराव असतो. कोणीतरी एका खिडकीत उभं राहायचं, मामीने वरून शोधायचं. मी मागची खिडकी धरते. पहिल्या दिवशी पदर हलवला तर खालून ओरडली, "आई, हलू नका! बेशुद्ध माणूस पदर हलवतो का?" मग गजाला टेकून गप्प उभी राहिले. ती बाई अशीच उभी होती, आणि सगळे पुढे बघत होते. इतक्यात भुणभुण आली, आणि तो काळा स्वच्छ डोळा माझ्या तोंडासमोर येऊन थांबला. मी रडले. खाली सगळ्यांना पडद्यावर दिसलं ते, काय करणार!

पण आता मामी म्हणते, तुमची खिडकी मला पाठ झाली, आई, नवीन माणूस द्या. तेव्हा येत्या रविवारी ये गो, सकाळीच ये. खिडकी तू निवड, आणि कुठली ते मलासुद्धा सांगू नकोस.