छातीवरचे तुडतुडे

चहा घ्या आधी. हे ऐकल्यावर माझ्याबद्दलचं तुमचं मत बदलणार आहे, ते निदान चहा गरम असताना बदलू द्या.

मी आज जळगावात पोरांना फुटबॉल शिकवतो. त्याआधी सहा हंगाम वेगवेगळ्या क्लबांकडून स्ट्रायकर म्हणून खेळलो. स्ट्रायकर म्हणजे ज्यानं गोल मारायचे असतात तो. आमच्या गावात, शिरपूरजवळ, हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. बरीच वर्षं लोक समजत होते की मी कॅरम खेळतो.

तर मी बंगळुरूच्या एका क्लबात होतो तेव्हाची गोष्ट. हंगाम संपत आला होता आणि माझ्या नावावर एकही गोल नव्हता. करारही त्याच हंगामापुरता. क्लबचे मॅनेजर कुरियन साहेब, केरळचे, मोडकीतोडकी हिंदी बोलायचे. त्यांनी शेवटच्या सामन्याच्या आठवडाभर आधी मला बोलावून सांगितलं, "भूषण, स्ट्रायकर गोल नहीं करेगा तो हम उसको क्या बोलेगा?"

दोन दिवसांची सुटी घेऊन गावी आलो. मायच्या हातचं खाल्लं की पायात जोर येतो, अशी माझी समजूत. शिवाय एक बेत होता. शिरपूरला एका छपाईवाल्याकडून पांढरा टी-शर्ट छापून घेतला, 'माय, हा गोल तुझा'. जर्सीच्या आत तो घालायचा, गोल झाला की जर्सी वर करायची आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. मायला एवढंच सांगितलं, "सामना बघ. गोल झाला की तुझ्यासाठी काहीतरी आहे."

सामन्याच्या दिवशी बाकीची पोरं चिडवतील म्हणून मी टी-शर्ट घेऊन संडासात गेलो. तिथला दिवा बंद. अंधारात चढवला, वरून जर्सी घातली आणि बाहेर आलो. कपडा अंगात घालताना माणूस एकदा तरी बघतो की नाही? मी नाही बघितला.

सामना संपायला दोन मिनिटं होती. उजवीकडून चेंडू आला, मी पाय लावला, चेंडू जाळीत. मला पुढचं काही सुचेना. धावत कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेलो, जर्सी डोक्यावरून ओढली, हात पसरले आणि छाती काढून कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो.

पोरं मला मिठी मारायला धावत येत होती, ती मध्येच थांबली. एक जण खाली बसला. मला वाटलं, बिचारे भारावले.

मग मी खाली बघितलं. छातीवर वीतभर लांबीचा हिरवा किडा होता, त्याच्यावर लाल फुली. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'मावा, तुडतुडे, फुलकिडे, सगळ्यांचा खेळ खल्लास'.

तो टी-शर्ट आबांचा होता. आबा म्हणजे माझे वडील. कपाशीवर मारायच्या औषधासोबत दुकानदारानं त्यांना फुकट दिलेला. दोन्ही पांढरे, दोन्ही घडी घालून एकाच कपाटात.

तेवढ्यात पंच आले. जर्सी काढली म्हणून पिवळं कार्ड. एक पिवळं आधीच मिळालेलं होतं, म्हणून लगेच लाल. मैदानातून बाहेर पडताना लाइनमनचा झेंडा वर दिसला. मी ऑफसाइड होतो. गोल धरलाच नव्हता.

खोलीवर येऊन मायला फोन लावला. म्हटलं, "माय, बघितलंस का?"

"दिखना ना तू," माय म्हणाली. "तुना आबा सकायपाइन तेच बनियन धुंडी ऱ्हायनात."

आबा सकाळपासून तोच टी-शर्ट शोधत होते. मी घाबरत विचारलं, "मग त्यांनी काय घातलं?"

"दुसरं होतं ना कपाटमा. तेच घालीसन बाजारले गयात."

म्हणजे ज्या वेळी मी बंगळुरूत छातीवर तुडतुडा घेऊन उभा होतो, त्याच वेळी आमचे आबा शिरपूरच्या बाजारात 'माय, हा गोल तुझा' अशी छाती घेऊन वांगी घेत होते.

इथवर तर नुसती फजिती झाली. मूर्खपणा मी दुसऱ्या दिवशी केला.

कुरियन साहेबांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझा फोटो होता. साहेब रागानं लाल झालेले. क्लबच्या परवानगीशिवाय जाहिरात केली, असं त्यांना वाटत होतं.

"ये किसका है?"

मी घाबरून खरं ते सांगितलं. "सर, फादर का है."

साहेबांचा चेहराच बदलला. मला बसायला सांगितलं. कॉफी मागवली. मग पुढे वाकून विचारलं, "कितना बड़ा है?"

मी म्हटलं, "एक्स्ट्रा लार्ज, सर."

ते मान डोलवायला लागले. "किधर किधर चलता है?"

हे मला जरा विचित्र वाटलं, पण म्हटलं असेल. "सर, शिरपूर में तो हर घर में है. धुळे, जळगाव, सब तरफ. खेत में लोग वही पहनते हैं."

साहेब खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, पुढच्या हंगामाच्या जर्सीवर प्रायोजकाची जागा रिकामी आहे, फादरशी मीच येऊन बोलतो. कंपनी फादरची आणि मुलगा आमच्याकडे, मग करार वाढवायला काय हरकत आहे?

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आता बघा, तिथे तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. 'सर, फादर का शर्ट है, कंपनी नहीं.' माझ्या कराराची फाइल त्यांच्या हाताखाली दिसत होती. मी म्हटलं, "ठीक है सर. आप आइए."

मला वाटलं, कोण येतं एवढ्या लांब?

श्रावणात साहेब जळगाव स्टेशनवर उतरले. मी मावसभावाची गाडी घेऊन गेलो. चोपड्यावरून निघालो, तर दोन्ही बाजूंना केळी, नंतर कपाशीच कपाशी. साहेब काच खाली करून बघत होते. "ये सब लोग फादर का कस्टमर?"

"शायद, सर," मी म्हटलं.

शिरपूरच्या नाक्यावर आलो आणि मला घाम फुटला. बियाण्याच्या दुकानावर केवढं तरी फ्लेक्स होतं. त्यावर मी, हात पसरलेला, छातीवर तुडतुडा. दुकानदार नानांनी मला न विचारता लावलेलं. साहेबांनी गाडी थांबवून त्याचा फोटो काढला. "फादर का मार्केटिंग बहुत स्ट्राँग है."

घरी पोचलो. आबा ओट्यावर बसून फवारणीचा पंप धूत होते. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की बंगळुरूचे एक साहेब येणार आहेत. पण मला एक गोष्ट माहीत नव्हती. त्या औषधानं यंदा कपाशीवरचा एकही किडा मेला नव्हता. आबा दुकानात जाऊन भांडून आले होते आणि नानांनी त्यांना शब्द दिला होता की कंपनीचा माणूस पाठवतो.

आबांनी साहेबांकडे खालून वर बघितलं. पँट, बूट, हातात बॅग.

"हाऊच का कंपनीना माणूस? बरा सापडना."

"क्या बोला?" साहेबांनी विचारलं.

"बोले, आपसे मिलके बहुत अच्छा लगा."

आबा उठले, साहेबांचं मनगट धरलं आणि त्यांना थेट वावरात घेऊन गेले. साहेब चिखलातून बूट सांभाळत चाललेले, मी मागे. एवढी मोठी कंपनी असून माणूस किती साधा, असं ते मला हळूच म्हणाले.

आबांनी कपाशीचं एक पान उलटं केलं. खालून पाच-सहा हिरवे किडे टुणकन उडाले.

"याले सांग, तीन फवारा मारात. एक बी तुडतुडा मरना नही. याले ईचार, दवाई शे का पानी शे?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले.

"सर, फादर बोल रहे हैं, तीन बार टेस्टिंग हुआ है."

"रिझल्ट?"

"रिझल्ट आपके सामने है."

साहेबांनी पानाचा फोटो काढला आणि आबांना अंगठा दाखवला. आबांना वाटलं, हा आपली थट्टा करतोय. त्यांचा आवाज वाढला. शेजारच्या वावरातले दोघं-तिघं बांधावर येऊन उभे राहिले. आबा साहेबांच्या सात पिढ्यांपर्यंत पोचले होते आणि मी सांगत होतो, "फादर भविष्य के प्लॅन बता रहे हैं."

शेवटी मायनं हाक मारली, जेवण तयार आहे म्हणून. मला वाटलं सुटलो.

ओट्यावर ताटं मांडली होती. शेवभाजी आणि भाकरी. आबा घुश्श्यात, साहेब खुशीत. मायला दोघांच्या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. ती साहेबांना वाढता वाढता तिच्या हिंदीत म्हणाली, "साहेब, मेरा लडका कितना गोल किया?"

मला भाषांतर करायची संधीच मिळाली नाही.

साहेब प्रामाणिक माणूस. म्हणाले, "इस साल? एक भी नहीं."

आबांचा घास हातातच राहिला. गोल मोजणारा माणूस औषध कंपनीत कशाला असेल? ते माझ्याकडे वळले. "हाऊ कोण शे मंग?"

इकडे साहेबांनी विचारलं, "फादर क्या पूछता है?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मायसुद्धा भाकरी हातात धरून उभी. मग मी सगळं सांगितलं. आधी अहिराणीत, मग हिंदीत. अंधारातला संडास, टी-शर्ट, एक्स्ट्रा लार्ज, फाइल, सगळं. दोन्ही भाषांत ते सारखंच वाईट वाटत होतं. शेवटी म्हटलं, "करार जाईल म्हणून बोललो नाही. माझं चुकलं."

साहेबांनी बरोबर आणलेली माझ्या कराराची फाइल उचलली आणि शांतपणे बॅगेत ठेवली. चेन लावल्याचा आवाज मला अजून आठवतो.

मग आबा म्हणाले, "सालभरमा एक बी गोल नही?"

मी मान हलवली.

"मंग तू बी त्या दवाईसारखाच शे. छातीवर छापेल मोठं, मरस काहीच नही."

साहेबांनी कोपरानं मला ढोसलं. "क्या बोला?"

मी सांगितलं. छातीवर मोठं छापलेलं आणि मरत काहीच नाही, असं शब्दाला शब्द सांगितलं.

साहेब इतके हसले की त्यांना रश्श्याचा ठसका लागला. मायनं पाणी दिलं, पाठ थोपटली. डोळे पुसत ते वावराकडे बोट दाखवून म्हणाले, "फादर को बोलो, मेरे को वो कीड़ा दे दो. तीन बार मारा, फिर भी उछलता है. ये लड़का तो एक धक्के में गिर जाता है."

"काय म्हणस तो?" आबांनी विचारलं.

तेही मी जसंच्या तसं सांगितलं. अख्ख्या दिवसात माझ्या हातून झालेली खरी भाषांतरं ती दोनच, आणि त्यावर दोघांनी माझ्यादेखत एकमेकांना टाळी दिली.