कागदावरची पट्टी

बालाघाटला बस स्टँडमागं त्याचं ऑनलाइन सेंटर होतं. नाव मी कधी विचारलं नाही, सगळे त्याला भाऊच म्हणत. पूर्वी कॉम्प्युटरवर काम चालू असलं की हिरवी पट्टी सरकायची. किती झालं, किती उरलं ते दिसायचं. मग पट्टी गेली आणि नुसतं गोल फिरणारं चक्र आलं. भाऊ चिडला. "बसलेल्या माणसाले काही सांगत काहून नाही हे?"

तेव्हापासून तो पाठकोऱ्या कागदावर दहा घरांची पट्टी आखायचा. पडद्यावर चक्र फिरायचं आणि भाऊ निळ्या पेनानं एकेक घर भरायचा. "हौ, आधं झालं." लोक निवांत बसायचे.

आईला पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला नेलं, तर तिच्या झिजलेल्या बोटांचा ठसाच उमटेना. तिसऱ्यांदा अंगठा लावला आणि चक्र फिरतच राहिलं.

"मी मेली असं तर नाही दाखवून राह्यलं ना?" आई म्हणाली.

भाऊनं नऊ घरं भरली आणि पेन तिच्या हातात दिला. "शेवटचं तुम्ही भरा, काकू. सावकाश."

तिचं घर भरून होईतो दाखला आला.

निघताना मी हळूच विचारलं, "भाऊ, किती झालं ते तुमाले कसं कळते?"

"मले कुठं कळते?" तो म्हणाला, आणि पुढच्या माणसासाठी पट्टी आखायला लागला.

आई गेल्यावर तिचे हयातीचे दाखले मी फाडून टाकले. तो कागद ठेवलाय. नऊ घरं नीट भरलेली, दहाव्याची शाई रेषेबाहेर गेलेली.