खाडीची चिंबोरी

बाळकुमच्या नाक्यावर थंडीत एक कोळीण बसते. नाव कधी विचारलं नाही, मी मावशीच म्हणतो. दोऱ्याचं टोक दातात धरून ती जिवंत चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधते. आईच्या खोकल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "खाडीची चिंबोरी ने. कालवण पाज, छाती मोकली व्हते."

हिवाळाभर आईला तेच पाजलं. परवा सहज विचारलं, "मावशी, तुमच्याकडे वाटण कसलं लावता?"

तिनं दातातला दोरा सोडला.

"आमी नाय खात रं आता. खाडीचं काळं पानी रोज बगतो ना. नातू खोकला का आल्याचा काढा देते."

तिनं बांधलेली चिंबोरी शांतपणे माझ्या पिशवीत टाकली. पिशवी हातात वळवळत होती. घरी आई वाटण करून वाट बघत बसली होती.