कोन्या गावचे तुमी?

मराठीतून तंत्रज्ञानाची चर्चा चालते अशा एका ऑनलाइन मंचाची मी नियंत्रक आहे. पगार नाही, हौस आहे. संध्याकाळचा स्वयंपाक आटोपला की नालवाडीतल्या आमच्या घरात मी लॅपटॉप उघडते आणि विषय सोडून लिहिलेलं सगळं काढून टाकते. त्यात मला आनंद होतो, हे कबूल करते. पालकाची भाजी निवडतानाही होतो.

मंचावर एक काका होते, विजेच्या लाइनवर नोकरी करून निवृत्त झालेले. कुणी इन्व्हर्टरचं विचारो की पंपाचं, खाली त्यांची ओळ ठरलेली: 'कोन्या गावचे तुमी?' आमच्याकडे लग्नात, बसमध्ये, सावंगीच्या दवाखान्यातल्या रांगेतही हाच प्रश्न आधी येतो. पण मंचावर नमनाला घडाभर तेल कशाला? मी ती ओळ उडवायचे. तीनदा उडवलं की आठ दिवस लिहिणं बंद, असा नियम मीच केला होता. काकांना तो लागू झाला.

तिसऱ्यांदा उडवली ती ओळ एका शेतकरी बाईंच्या प्रश्नाखालची होती. त्यांच्या विहिरीवरच्या पंपाला ऑटो बसवलेला होता, म्हणजे लाइन, अर्थात वीज, आली की पंप आपोआप सुरू व्हायला हवा. तो होत नव्हता. चालत जाऊन हातानं लावेपर्यंत लाइनचा अर्धा वेळ निघून जायचा आणि एकरभर फुलकोबीला पाणी पुरत नव्हतं. ऊन वाढत होतं.

उत्तरं भराभर आली. ऑटोमधलं कार्ड बदला, वायरिंग तपासा, सेटिंग पुन्हा करा. एकही शब्द विषयाबाहेर नाही. मी खूश होते. बाईंनी नवं कार्ड टाकलं, तरी पंप ढिम्म. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. चौथ्या दिवशी त्यांनी फोटो टाकला. फुलकोबीनं माना टाकल्या होत्या.

तो फोटो पाहून मला स्वस्थ बसवेना. आणि का कोण जाणे, काका डोक्यात आले. शिक्षा होईपर्यंत माणूस एकच प्रश्न का विचारत राहतो? उडवलेलं लिखाण नियंत्रकाला दिसतं. मी काकांचं सगळं काढून वाचलं. दोन ठिकाणी कुणीतरी मी यायच्या आत गाव सांगून मोकळं झालं होतं, आणि त्याखाली काकांचं नेमकं उत्तर होतं. गावाच्या गप्पा समजून तेही मी उडवलं होतं.

मी त्यांना फोन लावला.

"काका, सगळ्यायले गाव काऊन विचारता?"

"ऑटो सगळीकडं सारखाच असते, ताई. लाइन सारखी नसते. मी जिल्हाभर खांबावर चढलो. गाव सांगतलं की मले तिथला ट्रान्सफॉर्मर दिसते." मग त्यांनीच विचारलं, "त्या बाईचा पंप चालू झाला काय?"

"नाई."

"गाव कोन्तं हाय?"

मला माहीत नव्हतं. इतकी उत्तरं आली, पण कुणालाच माहीत नव्हतं.

मग बाईंच्या प्रश्नाखाली तो प्रश्न मी स्वतः लिहिला. त्यांचं गाव निघालं तळेगावजवळचं एक खेडं. मी ते काकांना फोनवर सांगितलं. ते लगेच म्हणाले, "तिथं समद्यायनं ऑटो बसवले. लाइन आली की सारे पंप एकदमच उठतात, व्होल्टेज पडते, अन् शेवटच्या खांबावरचा ऑटो बंद होऊन बसते. खराबी काहीच नाई. पंप दहा मिनिटं उशिरा उठंल असं लावा म्हणा."

मी ते काकांच्या नावानं बाईंना कळवलं. दुसऱ्या दिवशी पंप आपोआप चालू झाला. अर्धी फुलकोबी वाचली, अर्धी गेली. बाईंनी काकांचे आभार मानले आणि मला वेगळा निरोप धाडला. तो वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

'काकायनं पयल्याच दिवशी विचारलं होतं. मी गावाचं नाव लिहूनच राह्यली होती, तेवढ्यात प्रश्न गायब झाला. मले वाटलं, खेड्यातल्यायनं इथं बोलू नाई असं असंल. म्हणून मंग मी गाव कोनालेच सांगतलं नाई.'