एक स्टॉप उजळ

विरारमध्ये लग्नांचे फोटो काढण्यात माझी पंधरा वर्षं गेली आणि त्यात एक खोड लागली. कॅमेरा सांगेल त्यापेक्षा मी चेहरा एक स्टॉप उजळ घेतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. मुलीची आई मागाहून "जरा गोरी येऊ दे" म्हणणारच, मग ते आधीच उरकून टाकायचं. आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती, म्हणून मी त्याला कसब समजत होतो.

जूचंद्रच्या रांगोळी प्रदर्शनात एका बाईंनी आपल्या आईचं चित्र काढलं होतं. डोक्यावर पाटी घेतलेली आई आणि मागे मिठाची रास. आई मिठागरावर कामाला होती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि घरात तिचा धड फोटो नव्हता. अंगाचा रंग बाईंनी आठवून आठवून, तीन दिवस भुकट्या मिसळून जमवला होता. संध्याकाळी रांगोळी झाडली जाणार होती, म्हणून सकाळी मला बोलावलं.

मी सगळं रीतसर केलं. हॉलमधल्या ट्यूबलाइटचा उजेड हिरवट होता. अशा वेळी राखाडी कार्ड कॅमेऱ्याला दाखवलं की तो रंगात फसत नाही, आणि उजेडाचं मापही त्यावरून मिळतं. बाईंना म्हटलं, कार्ड आईच्या गालाजवळ धरा. त्यांनी गुडघ्यावर बसून ते वरच्यावर धरलं. मी स्टुलावर चढून चाचणीपुरता एक फोटो घेतला आणि कार्ड बाजूला करायला सांगितलं. मग बोटाने सवयीने चाक फिरवलं, एक स्टॉप उजळ. चांगले चाळीस फोटो काढले.

चार दिवसांनी प्रिंट घेऊन गेलो. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"दादा, ही कोनाची आय?"

मी आधी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"माजी आय काली व्हती. उनात मीठ ओढून काली झालेली. तिला गोरी करायला कोनी सांगलं व्हतं तुमाला?"

खरंच कोणीच सांगितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन कॉम्प्युटरवर रंग खाली ओढून पाहिले. डिजिटलमध्ये काळोखातलं पुष्कळसं वर काढता येतं, पण पांढरं फटक झालेल्या जागी काही उरतच नाही. उन्हाने चकाकणारं आईचं कपाळ तसंच गेलं होतं. चाळीसही फोटोंत. पुन्हा काढायला रांगोळी नव्हती.

उरला तो चाचणीचा फोटो. असले फोटो मी कॅमेऱ्यातच पुसून टाकतो, हा आळसाने राहिला होता. तो मी उघडला. गाल, कपाळ, मीठ, सगळं जसंच्या तसं होतं. आणि कार्ड धरलेला बाईंचा हात अगदी गालाच्याच रंगाचा.

तो मोबाइलवर पाठवला आणि फोन करून म्हटलं, "मधला हात आणि कार्ड मी काढून देतो, कळणारही नाही."

त्यांनी फोन चालू ठेवूनच फोटो उघडला.

"कार्ड काढा," त्या म्हणाल्या. "हात ऱ्हाऊ दे आयच्या गालावर."