दोनाची सहा वर्षं

"दोनाचे सहा? अरे, दोनाचे सहा कोन करते बे!"

बाबा ओरडत होते आणि आयर्लंडातल्या लिमरिकमधलं आमचं घर शेजाऱ्यांच्या धुरांड्यासकट हादरत होतं. बाबा मूळचे नागपूरचे. त्यांनी नुसतं 'चहा टाक' म्हटलं तरी शॅनन नदीवरचे हंस उठून समुद्राकडे निघायचे, आणि त्या रविवारी तर ते खरोखर चिडले होते. समोर डायनिंग टेबलावर लॅपटॉप, आणि त्यात स्काइपवर माझ्या धाकट्या बहिणीचा ठरलेला नवरा. अमेरिकेत जन्मलेला, तिथल्या सैन्यात वैमानिक.

ठरलं होतं ते असं. त्याच्या पूर्णवेळ नोकरीची दोन वर्षं उरली होती. ती संपली की त्याने सैन्य सोडायचं आणि इकडे यायचं, कारण बहीण इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. बाबांचा त्यात मोठा हिशेब होता: दोन्ही लेकरं एका गावात, म्हणजे एका व्हिसावर दोन घरचा पाहुणचार. मी तर डब्लिनजवळच्या टॅलापासून पार ड्रोहेडापर्यंत सगळ्या मराठी घरांत सांगून ठेवलं होतं की पुढच्या दिवाळीच्या फराळाला आमचे जावई हेलिकॉप्टर घेऊन थेट मागच्या अंगणात उतरणार, तेव्हा वाळत घातलेल्या चादरींची जबाबदारी आमच्यावर नाही.

आणि या गृहस्थांनी काय केलं? उरलेली दोन वर्षं देऊन टाकली, आणि त्यांच्या बदल्यात राखीव दलाच्या एका तुकडीत सहा वर्षांची सही ठोकली. महिन्यातून एक शनिवार-रविवार, वर्षातून दोन आठवडे, मधूनमधून उड्डाणं, आणि बोलावणं आलं की हातातला घास टाकून हजर. महिन्यातून दोन दिवसांचा सैनिक! पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा वॉचमन तेवढा वेळ तरी जागा असायचा.

या संकटावर सल्ला द्यायला मी टॅलाहून माझ्या मित्राला मुद्दाम बोलावलं होतं. हा माणूस पुण्यात असताना तीन कंपन्यांचे बॉन्ड तोडून बाहेर पडलेला. आमच्या पिढीत याला विद्या मानत. नोकरी लागली की पेढे वाटायचे आणि त्याच संध्याकाळी बॉन्ड कसा तोडायचा ते सीनियरकडून शिकून घ्यायचं. मी स्वतः एकच तोडला होता, वडिलांना अर्धांगवायू झाल्याचं सांगून. ते वडील आता दोन्ही हातांनी टेबल बडवत होते.

मित्राने खुर्ची पुढे ओढली आणि लॅपटॉपला जावईबापू अशी हाक मारून विचारलं, बॉन्डची रक्कम किती? भरून टाकू. पलीकडून उत्तर आलं की रक्कम नसते. मित्राने माझ्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्या पोराला कुणी समजावलंच नाही. मग म्हणे, मूळ सर्टिफिकेटं त्यांच्याकडे अडकली आहेत का? नाहीत. मग तर ग्रँडच, म्हणाला, उद्यापासून जाऊच नकोस. तसं केलं तर पोलीस येतात, असं पलीकडून अगदी नम्रपणे कळवण्यात आलं. तरी मित्र हटेना. शेवटचं अस्त्र म्हणून त्याने डोळ्यांचं कारण काढलं. वैमानिक ना? मग हळूहळू रंगांधळं व्हायचं. एकदम नाही, संशय येतो. दर महिन्याला एकेक रंग कमी करायचा, आधी हिरवा.

"काका," लॅपटॉपातून त्या अमेरिकन वळणाच्या मराठीत आवाज आला, "मला कुणी पकडून ठेवलं नाहीये. मीच अर्ज केला होता."

तीन बॉन्ड तोडलेल्या माणसासमोर असं बोलणं म्हणजे चोरांच्या संमेलनात स्वतःहून घराची किल्ली देण्यासारखं. मित्राने चकली उचलली आणि पुढे खाण्यापुरतंच तोंड उघडलं. मीही थोडा हसलो. असा भोळसट मेहुणा मिळाल्याची लाज वाटत होती, ती लपवायला.

बाबांचा आवाज मात्र एकदम खाली आला. पोट्टीकडे यायचं सोडून तिकडेच सहा वर्षं अडकून बसायची हौस काहून आली, एवढंच त्यांनी विचारलं. स्क्रीनवरचा चेहरा जरा बाजूला वळला. म्हणाला, "तिलाच विचारा."

बहीण इतका वेळ आमच्याकडे पाठ करून प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, कप काढत होती. आम्ही तिला काही विचारलंही नव्हतं.

"मीच सांगितलं त्याला, सही कर म्हणून," ती म्हणाली. "पूर्णवेळ राहिला असता तर बदल्या झाल्या असत्या, ही तुकडी एकाच गावात असते. मला तिकडे डॉक्टर म्हणून परत पहिल्यापासून ट्रेनिंग करावं लागणार. त्यासाठी एका गावात सलग काही वर्षं हवीत."

बाबांनी टेबलावरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले. त्यांचा इतका बारीक आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"अन् इथली नोकरी, बाई?"

"गुरुवारी राजीनामा दिला. जूनपर्यंत आहे मी."